समजते, पण बोलता येत नाही

नागपुरातल्या गोंड घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. चाळिशी-पन्नाशीतल्या कोणालाही ‘गोंडी येते का?’ असं विचारा. उत्तर ठरलेलं असतं, ‘समजते सारी, पण बोलता येत नाही.’ मीही वर्षानुवर्षं हेच सांगत आले. आई मावशीशी फोनवर बोलते ते मला नीट कळायचं. कोणाचं लग्न ठरलं, कोणी बैल विकला, कोणाचा कोणावर राग आहे, सगळं. पण आईनं फोन माझ्या हातात दिला की माझ्या तोंडून मराठीच निघायची आणि मावशीही लगेच मराठीवर यायची.

आज मी आईशी गोंडीत बोलते. सफाईदार नाही, पण तिच्याशी वाद घालता येईल इतपत नक्की. हे कसं झालं आणि आमच्या वस्तीत रविवारी जे चालतं ते कसं उभं राहिलं, ते लिहून ठेवावंसं वाटलं. भाषा टिकवायची चर्चा निघाली की लोक दोनच टोकांकडे बघतात. म्हाताऱ्यांचं बोलणं नोंदवून घ्या म्हणतात, नाहीतर लेकरांसाठी शाळा काढा म्हणतात. मधली पिढी, जिला समजतं पण जी गप्प आहे, तिच्याकडे कोणी वळून बघत नाही. लेकरांच्या आसपास दिवसभर असते ती मात्र हीच पिढी.

आम्ही मूळचे गडचिरोली जिल्ह्यातल्या कोरची तालुक्यातले. बाबा वनखात्यात लागले, बदल्या होत होत नागपूरला आले आणि गिट्टीखदानकडे घर झालं. घरात मराठीच बोलायची, असं बाबांनी ठरवून टाकलं होतं. लहानपणी शाळेत गोंडी शब्द तोंडातून निघाला की त्यांच्या हातावर छडी बसायची. पहिली दोन वर्षं तर गुरुजी काय म्हणतात तेच त्यांना कळलं नव्हतं. आपल्या लेकरांच्या वाट्याला ते येऊ नये, एवढाच त्यांचा विचार होता. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या पिढीतल्या शेकडो बापांनी हेच केलं आणि त्यातून आम्ही शिकलो, नोकरीला लागलो. आई आणि बाबा आपसात गोंडीच बोलायचे, आणि तीही मुख्यतः आम्हाला कळू नये अशा गोष्टींसाठी. आम्ही भाऊ-बहीण ऐकत ऐकत सगळं शिकलो, फक्त बोललो कधी नाही.

हे शहर वसवलं ते छिंदवाड्याकडच्या देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहनं, 1702 च्या सुमारास, इथल्या लहान-लहान वस्त्या जोडून. पुढे त्याच्या मुलानं, चांद सुलतानानं, इथं राजधानी आणली. शहराच्या इतिहासातली आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावानं आहे, ते स्टीफन हिस्लॉप नागपुरात राहून गोंडी गीतं आणि शब्द टिपून ठेवत होते. 1863 मध्ये त्यांचा बुडून मृत्यू झाला. त्यांची टिपणं रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये छापली. त्यात लिंगोची, म्हणजे गोंडांच्या आद्य गुरूची, लांबलचक गोंडी कथा आहे. गोंडांच्या कथा गाणाऱ्या परधान समाजातल्या गायकाकडून ऐकून रोमन लिपीत उतरवलेली. मी त्यातल्या काही ओळी आईला वाचून दाखवल्या. माझे उच्चार आधीच अडखळते, त्यात दीडशे वर्षांपूर्वीचं रोमन लिखाण. तरी आई मधे मधे थांबवून शब्द दुरुस्त करत होती आणि पुढची ओळ काय असेल ते सांगत होती. त्याच शहरात काटोल रोडवरच्या सिटी बसमध्ये तिची भाषा कधी कानावर पडत नाही.

आकडे बघितले की चित्र आणखी स्पष्ट होतं. 2011 च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे 30 लाख होते आणि गोंड म्हणून नोंद असलेले एक कोटीहून जास्त. म्हणजे बहुतेक गोंडांच्या घरातून भाषा आधीच गेलेली आहे. बोडोचे भाषक त्याच जनगणनेत 15 लाखांच्या आसपास होते. बोडो आणि संताली या भाषा 2003 च्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत, आल्या. गोंडी अजून नाही. गोंडी माणूस महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा अशा राज्यांत वाटला गेला. कोणत्याच एका राज्यात तिच्यासाठी जोर लावणारी मोठी ताकद उभी राहिली नाही. शिवाय प्रत्येक राज्यात शाळेची भाषा वेगळी, म्हणून गोंडी लिहायची लिपीही वेगळी.

भावाच्या जात पडताळणीच्या वेळी दक्षता पथकानं घरी येऊन कुळ, देव, लग्नाच्या रीती आणि बोलीभाषा यांबद्दल विचारलं होतं. आईनं सगळं सांगितलं. भाऊ शेजारी बसून ऐकत होता. सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्येच म्हटलं आहे की स्थलांतरामुळे आणि बदलत्या जगण्यामुळे जुन्या खुणा पुसल्या जाऊ शकतात, तेव्हा केवळ अशा चाचणीवर दावा नाकारू नये. ते योग्यच आहे. पण त्या दिवशी भावाला एक गोष्ट लागली ती वेगळीच. रात्री जेवताना तो म्हणाला, ‘माझ्या पोरीच्या वेळी हे सांगायला कोण राहील?’ त्याची पोरगी तेव्हा पाळण्यात होती.

सुरुवात तिथून झाली.

आधी मी पुस्तकं गोळा केली. नागपूरचे मोतीरावण कंगाली रिझर्व्ह बँकेतली नोकरी सांभाळून आयुष्यभर गोंडी भाषा आणि संस्कृतीवर लिहीत राहिले. 2015 मध्ये ते गेले. त्यांच्यासारख्यांचं काम नसतं तर आमच्यासारख्यांना हातात धरायला काहीच मिळालं नसतं. पण पुस्तकातून मला शब्द मिळत होते आणि शब्द तर मला आधीच येत होते. जिभेला वळण हवं होतं, ते पुस्तकातून येत नव्हतं. मग अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाची एक पद्धत वाचनात आली. तिथल्या मूळनिवासी भाषांपैकी काहींचे बोलणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. 1990 च्या दशकात तिथल्या लोकांनी भाषाशास्त्रज्ञ लिॲन हिंटन यांच्या साथीनं जोड्या लावल्या. एक जाणता म्हातारा, एक शिकणारा. दोघांनी आठवड्याला दहा-वीस तास सोबत घालवायचे, स्वयंपाक करायचा, बाजारात जायचं, कपडे धुवायचे, आणि त्या वेळात इंग्रजीचा एकही शब्द काढायचा नाही. वर्ग नाही, पाठ नाही. मला वाटलं, ही जोडी तर माझ्या घरात आहेच.

आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘आता या वयात काय शिकतं वं? मराठीत बोल ना सरळ.’

पहिला अडथळा हाच होता आणि तो मी कल्पना केली होती त्याहून मोठा निघाला. शिकणाऱ्यानं अडखळायला सुरुवात केली की जाणता माणूस मायेपोटी त्याच्या भाषेवर येतो. मी वाक्याच्या मध्यात थांबले की आई ते मराठीत पूर्ण करून टाकायची. तिला त्यात मदतच वाटायची. शेवटी आम्ही असं ठरवलं की संध्याकाळचा स्वयंपाक सुरू झाल्यापासून ताटं वाढेपर्यंत मराठी बंद. मला शब्द आठवला नाही तर हातवारे करायचे, वस्तू उचलून दाखवायची, नाहीतर ‘इद बाता?’, म्हणजे ‘हे काय?’, विचारायचं. आईनं फक्त गोंडीत उत्तर द्यायचं, आणि माझं वाक्य मोडकं असेल तर तेच वाक्य नीट करून परत म्हणायचं. चूक दाखवायची नाही. लहान लेकराशी माय जशी बोलते अगदी तसं.

स्वयंपाकघर यासाठी उत्तम जागा आहे. तिथं एकच गोष्ट रोज रोज बोलावी लागते. पाणी म्हणजे येर, मीठ म्हणजे सोवर, आणा, द्या, ठेवा, चाखून बघा. क्रियापदं आपोआप फिरू लागतात. मराठी बोलणाऱ्याला गोंडीत जे अवघड जातं ते शब्द नाहीत, ते आहे लिंग. मराठीत आला, आली, आलं असे तीन प्रकार. गोंडीत पुरुष एका बाजूला आणि बाकी सगळं दुसऱ्या बाजूला. तो आला म्हणजे ‘वातोर’, पण ती आली, गाय आली, पाऊस आला, सगळीकडे ‘वाता’. ऐकताना मला हे कधी खटकलं नव्हतं. बोलताना मात्र जीभ सारखी स्त्रीलिंग शोधायची. उलट आम्ही आणि आपण हा भेद गोंडीतही आहे, त्यामुळे आपल्याला तो लगेच जमतो. हिंदीत वाढलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागतो.

गोंडी ही तेलुगू-तमिळच्या कुळातली भाषा आहे, हे आमच्याच वस्तीत अनेकांना माहीत नव्हतं. शेजारच्या तेलुगू काकूंनी एकदा आईचे आकडे ऐकले. उंदी, रंड, मूंद, नालुंग. त्या लगेच त्यांचे आकडे म्हणू लागल्या आणि दोघी ओट्यावर बसून दहापर्यंत मोजत गेल्या. आमच्याकडे गोंडीला ‘बोली’ म्हणायची सवय आहे, जणू ती मराठीचीच एक मोडकी फांदी. त्या संध्याकाळनंतर भावानं तो शब्द वापरणं सोडलं.

सोबत नोंदीही सुरू केल्या. गावाकडच्या गोष्टी, शेतीची कामं, नात्यांची हाक मारण्याची रीत, रोपं लावतानाची गाणी. नागपूरच्या उन्हाळ्यात रेकॉर्डिंग करायचं म्हणजे कूलरशी सामना. कूलर चालू असला की आईचा आवाज घरघरीत बुडतो, बंद केला की खोलीत बसवत नाही. म्हणून पहाटे, कूलर लावायच्या आधी, आम्ही बसायचो. व्हॉट्सॲपवर आवाज पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक ध्वनी हरवतात. तेव्हा वेगळं ॲप घेऊन न दाबलेल्या फाइली ठेवल्या. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला आई स्वतःचं नाव, गाव आणि ‘हे ऐकायला माझी हरकत नाही’ असं गोंडीत सांगते. लग्नातली काही गाणी तिनं लग्नाच्या मांडवाबाहेर म्हणायला नकार दिला. पेनाची, म्हणजे आमच्या देवाची, काही गाणी तर नोंदवायचीच नाहीत असं सांगितलं. मी ते मान्य केलं. भाषा जपायची म्हणून तिची मर्यादा मोडायची, हे मला पटत नाही.

पण नोंदींबद्दल माझं मत स्पष्ट आहे. त्या हव्यात, पण त्यांच्यामुळे भाषा टिकत नाही. माझ्या लॅपटॉपमध्ये आईचा आवाज तासन्‌तास आहे. त्या फाइलींना कोणी प्रश्न विचारू शकत नाही.

पुढचं वळण अनपेक्षित होतं. वस्तीतल्या समाजभवनात एका कार्यक्रमात मी आईसोबत गोंडीत बोलत होते. मागच्या रांगेतून दोन मुली उठून आल्या आणि सरळ आईशी बोलायला लागल्या. एक गडचिरोलीतल्या एटापल्लीकडची, एक भामरागडची. दोघी इथल्या आदिवासी वसतिगृहात राहून शिकत होत्या. भामरागडची मुलगी माडिया, म्हणजे तिकडची गोंडी, बोलत होती. आईला पहिली काही वाक्यं जड गेली, मग दोघींचा सूर जुळला. आई सत्तरीची, ती वीस वर्षांची, आणि मधे मी, जिला दोघींचं समजत होतं पण उत्तर सुचत नव्हतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की नागपुरात अस्खलित गोंडी बोलणारी तरुण माणसं शेकड्यांनी आहेत. वसतिगृहांत राहतात, अभ्यासिकांत बसतात, नर्सिंग करतात, पोलिस भरतीसाठी मैदानावर धावतात. आम्ही मात्र भाषा म्हाताऱ्यांजवळच उरली आहे असं धरून बसलो होतो. या मुलींना मी विचारलं, ‘मग शहरात तुमची गोंडी ऐकू का येत नाही?’ एटापल्लीची म्हणाली, ‘ताई, बसमध्ये आम्ही आवाज लहान करतो. कोणी वळून बघितलं की मराठीत बोलतो. घरून फोन आला तर जिन्यात जाऊन घेतो.’

आमच्या बाबांची छडी अशी दुसऱ्या रूपात अजून चालूच आहे. आता मारत कोणी नाही. पण वीस वर्षांची, परीक्षेत पहिली येणारी मुलगी आईशी बोलायला जिन्यात जाते. मला याचा राग येतो आणि हा राग मी मुद्दाम जिवंत ठेवला आहे.

त्या दोघींना आम्ही रविवारी घरी बोलावलं. मग त्यांच्या मैत्रिणी आल्या, माझ्या ओळखीच्या दोन-तीन गोंड घरांतले लोक आले, घर पुरेना तेव्हा समाजभवनाची खोली मागून घेतली. मुलींना येण्याजाण्याचा खर्च आणि शिकवण्याचं मानधन देतो. रक्कम लहान आहे, पण पहिल्या दिवसापासून देतो, कारण त्या शिक्षिका आहेत. आपल्या भाषेसाठी कोणी पैसे देतं, हे त्यांच्यासाठी नवीन होतं. वसतिगृहातल्या इतर मुलींचा सूरही त्यानंतर बदलला, असं त्याच सांगतात.

मग भांडण आलं, आणि ते यायलाच हवं होतं. शिकवायची कोणती गोंडी? आमच्या कोरचीकडे मीठ म्हणजे सोवर. दक्षिणेकडे जावं तसं सोवरचं होवर होतं आणि आणखी पुढे ओवर. सुरुवातीचा स आधी ह होतो आणि मग गळतोच, आणि हे अनेक शब्दांत होतं. एका काकांचं म्हणणं, शुद्ध एकच असली पाहिजे, नाहीतर लेकरं गोंधळतील. प्रमाण भाषेसाठी प्रयत्न झालेलेही आहेत. 2014 नंतर काही वर्षं वेगवेगळ्या राज्यांतले गोंडी जाणकार एकत्र बसून सामाईक शब्दकोशासाठी काम करत होते. वर्तमानपत्र, पाठ्यपुस्तक, बातम्या यांसाठी ते लागणारच. पण आमच्या खोलीत मी त्याला विरोध केला. भामरागडच्या मुलीला तिची भाषा ‘अशुद्ध’ असं इथंही सांगितलं, तर तिनं जिना सोडून यायचं कशाला? शेवटी असं ठरलं की जो शिकवेल तो आपल्या घरची गोंडी शिकवेल, आणि शिकणाऱ्यानं आपल्या घरात जी चालते ती धरावी. गोंधळ झाला नाही. माघ पौर्णिमेला आम्ही कचारगडला, गोंडांच्या यात्रेला, गेलो. नागपूरहून गाडीनं दरेकसाला उतरायचं आणि तिथून गर्दीसोबत चालत. चार-पाच राज्यांतले लोक तिथं येतात. प्रत्येकाची गोंडी वेगळी आणि सगळे एकमेकांशी बोलतात. काकांनी ते स्वतः ऐकलं आणि परतीच्या प्रवासात तो विषय काढला नाही.

लिपीचा प्रश्न मात्र आम्ही पटकन निकालात काढला. गोंडीला स्वतःच्या लिप्या आहेत. मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी 1918 मध्ये एक तयार केली. दुसरी तेलंगणातल्या गुंजाळा गावच्या जुन्या हस्तलिखितांतून पुढे आली. युनिकोडमध्ये, म्हणजे फोन-संगणकांवरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, मसराम लिपी 2017 ला आणि गुंजाळा 2018 ला आली. तरुण पोरं ती अक्षरं हौसेनं शिकतात, वहीवर नाव लिहितात, आणि त्यांच्या डोळ्यांतला अभिमान मला फार मोलाचा वाटतो. पण बहुतेकांच्या फोनवर त्या अक्षरांच्या जागी चौकोन उमटतात. म्हणून निरोप, गोष्टी, शब्दांच्या याद्या देवनागरीत, आणि फळ्यावर नाव मसराम लिपीत. यावर जास्त वेळ घालवू नये असं मला वाटतं. लिपी निवडण्यात वर्ष गेलं तर तेवढ्यात एक आजी कमी होते.

खरं काम झालं ते मधल्या पिढीबरोबर. आमच्यात एक नर्स ताई आहेत, एक पोलिस दादा, एक बँकेतले काका. तिघांनाही सगळं समजतं. पहिल्या रविवारी तिघंही भिंतीला टेकून गप्प. मला त्यांची ती शांतता ओळखीची होती. तिच्यामागे शब्दांची कमतरता नसते, लाज असते. वयानं मोठं होऊन लेकरासारखं बोलावं लागतं, आणि घरातलेच वडीलधारे हेल ऐकून हसतात. ‘मराठी गोंडी बोलते ही’ असं कोणी म्हटलं की माणूस पुन्हा पाच वर्षं तोंड उघडत नाही. म्हणून आम्ही शिकणाऱ्यांच्या आधी वडीलधाऱ्यांना बसवून सांगितलं, हसायचं नाही आणि मराठीवर यायचं नाही. काही आज्यांना ते जड गेलं. माझ्या आईनं त्यांना समजावलं, कारण तोवर ती या कामात मुरली होती.

मग आम्हाला एक गोष्ट सापडली. ही माणसं मोठ्यांसमोर बोलत नाहीत, पण तीन-चार वर्षांच्या लेकराशी बोलतात. लेकरू हेल ओळखत नाही, हसत नाही. त्याला छोटी वाक्यंच लागतात. पोलिस दादांनी आयुष्यातलं पहिलं पूर्ण गोंडी वाक्य माझ्या भाचीला म्हटलं. ती खिडकीवर चढत होती आणि त्यांनी तिला खाली उतर म्हणून दटावलं. लहानपणी त्यांच्या आजीनं त्यांना जसं दटावलं होतं, तसंच्या तसं. नंतर ते स्वतःच थोडा वेळ काही बोलले नाहीत. दटावणं, लाड, भूक लागली का, झोप आली का, हे सगळं त्यांच्या आत साठवलेलं होतं, कारण त्यांनी ते कधीकाळी लेकरू म्हणून ऐकलं होतं. म्हणून आता रविवारी लहान मुलांना सांभाळायची पाळी याच पिढीला देतो आणि अस्खलित बोलणारी एक मुलगी किंवा आजी जवळ बसते. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांनी 1982 मध्ये ‘कोहांगा रेओ’ सुरू केले. तिथं आज्या लहानग्यांना माओरीत वाढवत आणि आईबापही सोबत शिकत. आमचं त्यापुढे फार लहान आहे, पण बीज तेच आहे.

मोठ्या मुलांबाबत आम्हाला यश आलं नाही. सातवी-आठवीची मुलं काही आठवडे आली, मग शिकवणी, मग परीक्षा. त्यांना धरून ठेवण्यासारखं आमच्याकडे अजून काही नाही. गोंडीत क्रिकेटची कॉमेंट्री करायचा खेळ एकदा रंगला होता, तेवढाच. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं 2019 मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. तिथल्या लेकरांची गोंडी घरून येते आणि शाळा तिला अक्षरं देते. नागपुरात तशी शाळा उद्या सुरू झाली, तरी आमच्या लेकरांच्या घरून गोंडी येणार नाही. म्हणून इथं आधी घर, मग शाळा, असं मी सगळ्यांना सांगत असते.

भाची आता चार वर्षांची आहे. आजी तिच्याशी फक्त गोंडी बोलते, मी बहुतेक वेळ गोंडी, बाप मराठी-गोंडी मिसळून, आई मराठी. तिला गोंडी समजतेच, ती बोलतेही. परवा गल्लीतला कुत्रा फाटकातून आत आला तर ओरडली, ‘नय वातोर!’ मराठीतला कुत्रा पुल्लिंगी, म्हणून तिनं त्यालाही पुरुषाचं रूप लावलं. गोंडीत कुत्र्याला ‘वाता’ म्हणतात. आजीनं ‘नय वाता’ म्हणून पुढे चालू ठेवलं. ‘नय वातोर’ असं तिला कोणीच शिकवलेलं नाही, कोणी तसं बोलतच नाही. म्हणजे ती पाठ केलेलं म्हणत नाही, स्वतः वाक्य घडवते आहे. पाठ केलेल्या गाण्यापेक्षा मला ते वाक्य जास्त महत्त्वाचं वाटलं. तिची अशी वाक्यं मी तारीख घालून वहीत लिहिते.

एटापल्लीच्या मुलीचं शिक्षण या वर्षी संपतं आणि तिला गावाकडेच नोकरी करायची आहे. तिच्या जागी वसतिगृहातली दुसरी मुलगी तयार झाली आहे, ती धानोऱ्याकडची. वेळ रविवारी सकाळचीच राहील. नर्स ताईंनी त्यांच्या दवाखान्यासाठी दुखणं विचारायची वाक्यं गोंडीत मागितली आहेत, कारण गडचिरोलीहून रेफर होऊन येणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना मराठीत नीट सांगता येत नाही. कुठं दुखतं, कधीपासून, ताप आहे का, जेवण जातं का. आई आणि धानोऱ्याची मुलगी मिळून ती वाक्यं बसवत आहेत. प्रत्येक वाक्य दोघींच्या गोंडीत वेगळं होतं, तर आम्ही दोन्ही लिहितोय.